ढोलीमागे मी होते, ताई

ताई, सर आले होते. तुझ्या फोटोला पहिला हार त्यांनीच घातला. पांढरा सदरा, खांद्यावर शाल, आणि चेहरा असा की जणू घरचंच माणूस गेलं. मी इथे तिरुपूरला कपड्यांच्या कंपनीच्या जिन्याखाली उभी राहून मोबाईलवर बघत होते आणि मनात म्हणत होते, घाला सर, हार घाला. आज तुम्ही खुर्चीत बसणार आणि आम्ही बोलणार.

तू असतीस तर माझा कान धरला असतास. "मने, असं मनात ठेवून काय होते? टेन्शन नको लेऊ." कुडव्याची तू, हिंदी मुलखाला लागून, तुझं अर्धं बोलणं हिंदी. पण तू नाहीस, म्हणून या वेळी तुझं ऐकलं नाही. तू गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. सूड घ्यायचा असं ठरवूनच पुढचे दिवस काढले. रडणं नंतर आलं, चेकिंगच्या टेबलावर, कोणाच्या तरी टी-शर्टवर.

तुझ्या भावाने स्मृतिअंकासाठी लिहून मागितलं. मी म्हटलं, दादा, मी सातवी पण धड न केलेली बाई, मी काय लिहू? तर म्हणाला, "वंदनाताई तुझंच नाव सांगून गेली. जसं बोलतेस तसं लिही." म्हणून तुझ्याच पद्धतीने लिहिते आहे. दहा ओळी लिहायच्या, उठायचं, पाणी प्यायचं, परत बसायचं. ज्यांना काहीच माहीत नाही तेही हे वाचतील, म्हणून तुला माहीत असलेलं परत सांगावं लागेल. ऐकून घे. तू लोकांचं ऐकण्यातच जन्म घालवलास, आणखी थोडं ऐक.

आमचं गाव सौंदडच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत. मी तेव्हा सातवीत होते. शहरातून एक मोठं संशोधन आलं होतं. लहान मुलांचं लक्ष का टिकत नाही, असं मूल कोणत्या घरात आहे, त्या घराला काय मदत लागेल. सर त्याचे प्रमुख. तू त्यांच्या हाताखाली घरोघरी जाऊन कागद भरणारी. काम चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण आदल्या दिवशी पंचायतीने कोतवालाला दवंडी द्यायला लावली, आणि त्याला जेवढं समजलं तेवढं त्याने चौकाचौकात ओरडून सांगितलं: "ऐका होऽऽ! ज्याच्या पोराचं डोस्कं बराबर नाही, त्याची उद्या गिनती हाय होऽऽ!"

झालं. तास-दोन तासांत गावभर पसरलं की कागदावर नाव चढलं की शाळेतून नाव कटणार, पोरगी असेल तर लग्न जुळणार नाही, आणि पोरांना गाडीत घालून नागपूरला नेणार. दुसऱ्या दिवशी गावाने पोरं अशी नटवली की जणू घरोघरी पाहुणे बघायला येणार होते. डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ, अंगणात चटई, हातात पुस्तक. शेजारच्या पारबता मावशीचा गोलू पुस्तक उलटं धरून बसला होता आणि मावशी त्याच्या मांडीला चिमटे काढत होती, हलू नये म्हणून.

आमच्या अंगणात चटई नव्हती. आई मला ओळखून होती. तुझ्या दुसऱ्याच प्रश्नाला मी उठून शेळीच्या मागे गेले असते. मला पाणी आणायला धाडलं तर मी घागर विहिरीवर ठेवून चिंचा घेऊन यायची. गणिताच्या तासाला बाहेरच्या तारेवर किती पाखरं बसली ते मला सांगता यायचं, फळ्यावर काय लिहिलं ते नाही. गुरुजी मला 'हवेतली बाई' म्हणायचे आणि वर्ग हसायचा. म्हणून आईने मला मधल्या खोलीत धानाच्या ढोलीमागे बसवलं. माणसापेक्षा उंच, बांबूची, शेणाने लिंपलेली ढोली. म्हणाली, "आवाज केला त पाय मोडीन."

तू दारात आलीस. मी तिथूनच ऐकलं.

"आपले पाल्य दिलेल्या कामावर लक्ष केंद्रित करू शकते का?" तू कागदावरचं वाचलंस.

"कोण?" आई म्हणाली.

"तुमची मुलगी जी."

"ते घरी नाही. मामाच्या घरी गेली, तिरोड्याले."

"कधी येणार?"

"काय माहीत बाई. पण पोरगी हुशार हाय. सारंच करते. काहीच तरास नाही."

तू उठून मधल्या खोलीच्या दारापर्यंत आलीस, पाणी मागितलंस, पाणी प्यालीस. मग पेनाचा आवाज. मग तुझी स्कूटी.

सर त्या दिवशी गाडीतून उतरले नाहीत. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली गाडी, काचा वर. हे कोणाकडून ऐकलेलं नाही. आईने मला सोडल्यावर मी पळत गेले आणि डोळ्यांनी पाहिलं. तू काचेवर टकटक केलीस, काच खाली आली, तू कागदांचा गठ्ठा आत दिलास, काच वर गेली. एवढंच त्यांनी आमचं गाव पाहिलं.

त्यांच्या अहवालात आलं की आमच्या पट्ट्यात असं मूल जवळपास नाहीच, आईबापांची काही तक्रार नाही. म्हणून मदतीचं केंद्र दुसरीकडे गेलं. आणि त्याच वर्षी मी शाळा सोडली. गुरुजींनी बाबांना बोलावून साऱ्या वर्गासमोर माझी कोरी वही दाखवली. घरी आल्यावर बाबांनी काठी काढली. दुसऱ्या दिवसापासून मी दप्तर उचललं नाही, आणि ये म्हणायलाही कोणी आलं नाही. येणार कशाला? कागदावर मी नव्हतेच.

उठून पाणी पिऊन आले. खोलीचं कुलूप मी अजूनही तीनदा ओढून बघते. गॅस बंद केला का म्हणून कंपनीच्या फाटकातून परत फिरलेली आहे. तू म्हणायचीस, "मने, एकदा पाहायचं अन् तोंडानं म्हणायचं, बंद केला." म्हणते. तरी बघते.

पुढच्या रोवणीला, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, तू परत आलीस, बिनाकागदाची. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलीस आणि बायांच्या ओळीत उभी राहिलीस. तुझं रोवणं पाहून पारबता मावशी म्हणाली, "पाहा व बायांनो, बाई धान लावून राहिली का कुंपण?" बांधीभर हसणं. तू पण हसलीस. चार दिवस तू कोणाला काही विचारलं नाहीस. पाचव्या दिवशी कंबरेवर हात ठेवून सरळ झालीस आणि म्हणालीस, "लहानपणी मले कामाले धाडलं ना, तर मी अर्ध्यातून बेडकामागं जायची. माय लई मारायची."

बस. मग सगळं चिखलातून वर आलं. मावशी म्हणाली, "माहा गोलू एकच चप्पल घालून घरी येते वो. दुसरी कोठी गेली त म्हणते, होती." दुसरी कोणी म्हणाली, माझं पोरगं जेवता जेवता उठतं ते परत ताटावर येतच नाही. आणि माझी आई, जिने तुला तोंडावर खोटं सांगितलं होतं, ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "माही पोट्टी घागर विहिरीवर ठेवून येते. मी मारते. मंग मीच रडते."

मी तिच्याच बाजूला होते. माझ्या ओळीत मधे मधे जागा मोकळ्या राहत होत्या, आणि तू मागे सरकता सरकता तुझ्या हातातले पऱ्हे, ती धानाची रोपं, त्या जागांत लावत होतीस. कोणाला न दाखवता. मला दिसलं. पाखरं दिसायची तसं मला हे पण दिसलं.

दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय धुताना तू माझ्या पायांकडे बघत राहिलीस. माझ्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, जन्मापासून. तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही. ते राहून गेलं.

चिखलातलं सगळं तू वहीत उतरवलंस आणि सरांकडे नेलंस, परत एकदा विचारू या म्हणून. दोन पानं वाचून सर म्हणाले, "वंदना, या गप्पा आहेत. संशोधनात चिखल चालत नाही." तू मला हे हसत हसत सांगितलंस. मी हसले नाही, ताई. बायांनी कमरा मोडत, मान वर न करता, आपल्या पोटातली गोष्ट तुला सांगितली होती. ते वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं. मला बाकी काही लक्षात राहत नाही, ते राहिलं.

तू त्यांचं काम सोडलंस. कुठे कुठे अर्ज केलेस ते तुझं तुला माहीत. पण सरकारी दवाखान्याच्या मागची एक खोली तू मंगळवारपुरती मिळवलीस. जिल्ह्याहून डोक्याचे डॉक्टर महिन्यातून एकदा, बाकीचे मंगळवार तू. तुझा एकच नियम होता: मूल एकटं आणायचं नाही, घरातली मोठी माणसं सोबत हवीत. लोक म्हणायचे, "बिमार पोट्टं, आमी कायले?" तू म्हणायचीस, "पोट्टं बिमार नाही जी. अन् ते एकटं राहते काय घरात?"

बाबा पहिल्यांदा आले ते दुपट्टा तोंडाला लावून, कोणी बघू नये म्हणून. तू त्यांना एकच काम दिलंस. मनीला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, ती करून येईपर्यंत दुसरी सांगायची नाही.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"करून त पाहा."

पुढच्या मंगळवारी बाबा दुपट्टा काढून बसले. म्हणाले, "बाई, मी एका दमात पाच कामं सांगून राहिलो होतो. अन् पाचवं नाही झालं का मारत होतो." त्यानंतर काठी गोठ्यातच राहिली. आणि आईला तू काय विचारलंस? "तुमाले झोप लागते का?" आई इतकी रडली की दवाखान्यातली नर्स धावत आली. "मले आतापर्यंत कोणी इचारलंच नाही," एवढंच ती म्हणत होती.

याबद्दल मी तुझी किती ऋणी आहे ते मला लिहिता येत नाही. मी आज इथे चेकिंगच्या टेबलावर आहे. दिवसभर शिवणी बघायच्या, सैल धागा, डाग, उसवलेली बाही. हवेतल्या बाईला लक्ष द्यायचंच काम! दहा कपडे झाले की मी उठते, भिंतीला हात लावून परत येते. सुपरवायझर आधी तमिळमध्ये ओरडायचा. माझ्या टेबलावरचा माल परत येत नाही हे कळल्यावर ओरडायचा थांबला. आता नवीन पोरींना दाखवतो, बघा, हिच्यासारखं उठा.

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. दरवर्षी तुझा फोन: "मने, सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावी दे." दरवर्षी मी नाही म्हटलं. तू म्हणायचीस, भीती वाटते म्हणून नाही म्हणतेस. मी म्हणायची, राग आहे म्हणून. शाळेने मला नाही घेतलं, आता मी शाळेला नाही घेणार. तू म्हणायचीस, "अगं, शाळेले काय फरक पडते?" खरं आहे. पण माझा राग माझा आहे.

आता आपला शेवटचा फोन. त्याच्यावाचून हे पुरं होणार नाही.

तू नागपूरच्या दवाखान्यात होतीस. आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, बरी होऊन ये ताई, आरूला तुझ्याशिवाय कोण. आरू माझी सहा वर्षांची. ती आईकडे गावालाच असते, कारण इथे तिला सांभाळायला कोणी नाही. शाळेला निघते आणि शेळीपाशी पोचते. माझीच पोर. दर मंगळवारी आई तिला तुझ्याकडे आणायची, तू तिच्या बाईंशी बोलून तिला खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर बसवायला लावलंस. तर तू म्हणालीस, "मने, एक सांगते. त्या दिवशी ढोलीच्या मागून तुझे पाय दिसले होते मले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाणी मागितलं ना मी, तेव्हा. करंगळी दिसली. तरी लिहिलं, घरी नाही. कायदा होता ना बाबा, आई सांगेल तेच लिहायचं. लिहिलं अन् निघून आली."

इतकी वर्षं मी सरांवर दात धरून होते, आणि तूसुद्धा त्यातलीच. तू बघितलं होतंस. एक शब्द बोलली असतीस तर. मी म्हटलं, "ताई, सुपरवायझर बोलावते, ठेवते मी."

तू हसलीस, बारीक. "आज इतवार आहे ना, मने."

आणि मी फोन ठेवला. चार दिवसांनी तू गेलीस. तो माझा तुझ्याशी शेवटचा शब्द, ठेवते मी. तोही खोटा.

परत उठले होते. या वेळी पाणी पिऊन लगेच बसता आलं नाही.

तू गेल्यावर पहिल्याच मंगळवारी आई आरूला घेऊन गेली तर खोलीला कुलूप. चौकशी केली तर समजलं, तुझ्या जागी कोणी येणार नाही. वरच्या समितीचं पत्र आहे की पूर्वीच्या अभ्यासात या भागात गरज आढळलेली नाही, खोलीत सामान ठेवावं. समितीत कोण? सर. आणि तुझ्या शोकसभेला अध्यक्ष कोण? तेच. तुझ्या भावाला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, मोठा माणूस म्हणून बोलावलं.

तेव्हा मी फोन उचलला. माझी एक जुनी सवय आहे, एका गोष्टीला लागले की मग दुसरं काही दिसत नाही. तू म्हणायचीस हाही त्यातलाच भाग आहे, कामाला लाव. लावला. रोवणीच्या त्या ओळीतल्या एकेका बाईला मी फोन केला. म्हटलं, सभेत उभं राहून एकच वाक्य बोला, त्या दिवशी आम्ही खोटं सांगितलं होतं.

"काऊन उकरून राहिली जुनं?" एक म्हणाली. "पोरीची सोयरीक चालू हाय, मी कायले उठू?" दुसरी म्हणाली. पारबता मावशी म्हणाली, "तू तेथं दूर बसून आमाले भिडवतेस व! ये ना मंग तू." सुट्टी मिळत नव्हती, मागून पाहिली. आणि आई. आईने तर सरळ नाही म्हटलं. "साऱ्या गावासमोर सांगू का मी खोटी हाव म्हणून?"

मी वाईट बोलले, ताई. म्हटलं, "नको सांगू. आरूलेही ढोलीमागं बसव मग. जागा त आहेच."

आईने फोन बंद केला. दोन दिवस उचलला नाही. त्या दोन दिवसांत मी कुलूप किती वेळा ओढलं ते विचारू नकोस.

सभा मंगळवारी आमच्याच गावात होती, माझ्या जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला. फोन वाजला, आईचा व्हिडिओ. एक शब्द बोलली नाही, फोन पुढे धरून बसली. म्हणून मला हार दिसला, सर दिसले. तुझ्याबद्दल लोक बोलले. मग अध्यक्ष उठले. तू त्यांची आवडती विद्यार्थिनी होतीस म्हणाले. मनाने फार कोवळी, भावनेच्या भरात वाहून जाणारी म्हणाले. आणि मग, ताई, ते म्हणाले, "मला आठवतं, या गावातल्या एका मातेनं मला सांगितलं होतं, सर, माझी मुलगी पाण्याला जाते आणि घागर विहिरीवरच ठेवून येते. किती सुंदर! याला आपण विकार म्हणायचं? हे तर निसर्गाच्या कुशीतलं स्वच्छंद बालपण. म्हणूनच आमच्या अभ्यासात इथे..."

मोबाईल हलला. सर गेले, मांडवाचं निळं कापड आलं, मग आईच्या लुगड्याची किनार, मग अंधार. आई उभी राहिली होती, फोन मुठीत धरून. मला पुढचं काही दिसलं नाही. मी फक्त ऐकलं.

"ते माही पोरगी होय, सर जी. अन् मी तुमाले नाही सांगतलं. तुमी त गाडीतच होते. मी वंदनाबाईले सांगतलं, चिखलात." कोणाची तरी खुर्ची सरकली. "तुमच्या कागदावर तिच्या नावापुढं घरी नाही लिवलं हाय. ते घरी होती. म्या बसवली होती ढोलीच्या मांगं. मी खोटं बोलली. तिची शाळा सुटली."

"बाई, भावना समजते," सरांचा आवाज, "पण हे व्यासपीठ... आपण आता दोन मिनिटं उभं राहून मौन..."

"थांबा जी!" ही पारबता मावशी. कुठेही ओळखीन. "मौन मंग. मौन त आमी तवापासून पाळूनच राहिलो. माह्या गोलूचं पुस्तक उलटं होतं, लिवा."

"मीच तो, सर," गोलूचा आवाज, आता ट्रॅक्टर चालवतो. "चिमट्याचा डाग हाय अजून, दाखवू का?" कोणीतरी हसलं. मग तिसरी बाई उठली. मग जिची पोरीची सोयरीक चालू आहे ती. मला आवाज मोजता आले नाहीत. आमच्याकडे मौन झाल्याशिवाय शोकसभेतून कोणी उठत नाही, अध्यक्ष तर नाहीच. सर खुर्चीत बसून राहिले. त्यांना शेवटपर्यंत ऐकावं लागलं, एकेका घराचं. काच वर करायची सोय नव्हती.

आई नंतर म्हणाली, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे सगळी नावं लिहून घेतली, प्रत्येकीची सही घेतली, आणि म्हणाल्या, माझं पत्र या नावांसकट जाईल, तोपर्यंत मंगळवारी खोली उघडी. पुढच्या मंगळवारी उघडली. आरू गेली. तुझी खुर्ची रिकामी होती म्हणून आरू तिच्यावर जाऊन बसली आणि लगेच उठून गेली. किती दिवस उघडी राहील माहीत नाही. मला भीती आहेच.

सरांना मी माफ केलेलं नाही. तू सांगितलंस तरी करणार नाही. त्यांचा चेहरा मला बघायला मिळाला नाही, ऐन वेळेला माझ्या डोळ्यांपुढे लुगड्याची किनार आली, याची हळहळ मला मरेपर्यंत राहील. सूड पुरा झाला का? नाही. समाधान झालं का? थोडं. तुझ्या नावाचा हार घालून तुझंच ऐकलेलं आपलं म्हणून सांगणाऱ्या माणसाला आईने खाली बसवलं, माझ्या सात इयत्तांपेक्षा हे मोठं आहे.

आणि तू. तुझ्यावर राग आहे का, तर आहे. तू पाय पाहिलेस आणि निघून गेलीस. पण ताई, जी आई मला ढोलीमागे बसवून आली तीच उभी राहिली, आणि तू पण परत आलीस, चिखलात उतरून. इतके मंगळवार तू कोणाचे पाय शोधत होतीस ते आता मला कळलं. मी हे फोनवर म्हणायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, दिसले ना ताई, मग बरं झालं, कोणाला तरी दिसले.

हे लिहून होईपर्यंत दुपार झाली आहे. खाली नळावर बाया कपडे धूत आहेत. आज रविवार आहे. सुपरवायझर नाही, कोणी बोलावत नाही. मी फोन ठेवत नाही, ताई. तू बोल.